निवळी, गाळणी आणि नाशिकचं ऊन

मे महिन्यातली सकाळ. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक पारदर्शक बरणी ठेवून मी खाली आलो. बरणीत साधारण लिटरभर अल्कोहोल होतं, पण ते अल्कोहोल आहे हे कुणाला सांगूनच पटलं असतं. रंग करडा. गढूळपणा असा, की पहिल्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या पायाशी गोदावरीचं पाणी असतं तसा; बरणीमागे धरलेला हातसुद्धा दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणी आणायला गेलो, तर तळाला फाटलेल्या दुधासारखा साका आणि वर फिकट पिवळसर, आरपार दिसणारा द्रव.

मी त्यात काही टाकलं नव्हतं. ढवळलं नव्हतं, गॅसवर तापवलं नव्हतं. मग हा गाळ आला कुठून? आणि वर जे नितळ दिसतंय ते खरंच स्वच्छ आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गमतीचं आहे. दुसऱ्याचं उत्तर आहे ‘नाही’, आणि तो ‘नाही’ नीट समजून घेतला तर पैसेही वाचतात आणि भाजण्यापासून माणूसही वाचतो.

प्रिंट चिकट का निघतो?

आधी हे अल्कोहोल येतं कुठून ते पाहू. दागिन्यांच्या ओतकामात पूर्वी मेणाचा नमुना हाताने कोरत. आता बरेच कारागीर तो नमुना संगणकावर काढून रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात. दातांच्या प्रयोगशाळेत जबड्याची प्रतिकृती तशीच छापली जाते. इंजिनिअरिंगची पोरं छोटे भाग छापतात, आणि माझ्यासारखे हौशी लोक गणपती आणि मावळे.

या प्रिंटरमध्ये मधासारखं दाट, प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन असतं. खालून जांभळा प्रकाश येतो, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. मोबाइलच्या पडद्यासारखा एक पडदा तो जिथे हवा तिथेच सोडतो. प्रकाश पडला तिथलं रेझिन घट्ट होतं. एक थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला २०० थर. दातांचे डॉक्टर दाढेत मऊ सिमेंट भरून वर निळा दिवा धरतात आणि मिनिटभरात ते दगड होतं; जात तीच. जपानमधल्या नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये या रीतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. अमेरिकेत चक हल यांनी १९८३ मध्ये डोळे धुण्याची एक छोटी वाटी छापली आणि १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

छापून झालेली वस्तू रेझिनच्या टाकीतून बाहेर येते तेव्हा ती गुलाबजामसारखी पाकात माखलेली असते. हा पाक म्हणजे न घट्ट झालेलं रेझिन. ते तसंच राहिलं तर बारीक नक्षी बुजते आणि वस्तू कायमची चिकट राहते. पाण्याने ते जात नाही, कारण स्वभावाने ते तेलाच्या जवळचं. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाजारात सगळे त्याला आयपीए म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आयपीए ओलं रेझिन विरघळवतं, पण छापलेल्या वस्तूला धक्का लावत नाही. असं का? कुंभाराची माती आठवा. ओली माती पाण्यात विरघळून जाते. तीच भट्टीतून निघाली की मडकं होतं आणि मडक्यात आपण पाणीच भरतो. प्रकाश ही इथली भट्टी. रेझिनचे सुटे रेणू एकमेकांत असे गुंफले जातात की अल्कोहोलला त्यांना सोडवता येत नाही. अर्थात मडकंही पाणी पितंच. प्रिंट तासन्‌तास आयपीएत बुडवून ठेवला तर तो फुगतो आणि वाळताना तडकतो. दोनचार मिनिटांची आंघोळ पुरे.

आयपीए प्रोपिलीन या खनिज तेलातून मिळणाऱ्या वायूला पाण्याशी जोडून बनवतात. १९२० मध्ये अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइलने ते याच वायूपासून कारखान्यात बनवायला घेतलं, आणि पेट्रोरसायनांच्या धंद्याची सुरुवात तिथून धरली जाते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात तळोज्याला दीपक फर्टिलायझर्सचा कारखाना ते मोठ्या प्रमाणावर करतो. म्हणजे मी गच्चीवर ठेवलेल्या बरणीच्या मागे तेलाची विहीर आणि एक कारखाना उभा आहे. पाचदहा प्रिंट धुतले आणि मोरीत ओतून दिलं, ही उधळपट्टी झाली. मोरीचा विषय पुढे येईलच.

चहाची पावडर आणि चहातली साखर

गढूळ आयपीए पाहिलं की पहिला विचार येतो गाळण्याचा. मीही गाळलं. जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं, मग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी गाळणीतून गाळलं. फडक्यावर थोडा चिकटा आला. खाली उतरलं ते जवळपास तितकंच गढूळ. मग आजीची आठवण येऊन तुरटी फिरवली. तुरटी खडीसाखरेसारखी तळाशी पडून राहिली, द्रव ढिम्म हलला नाही.

चूक माझी होती, गाळणीची नाही. चहा गाळताना पावडर गाळणीत अडकते, साखर कपात उतरते. पावडर चहात तरंगत असते. साखर विरघळलेली असते, म्हणजे तिचे रेणू एकेकटे पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळून गेलेले असतात. कितीही बारीक फडकं घ्या, साखर त्यात अडकणार नाही. वापरलेल्या आयपीएत दोन्ही प्रकार असतात. रंगद्रव्याचे कण आणि घट्ट रेझिनचे कपटे तरंगत असतात, पण खरं ओझं विरघळलेल्या रेझिनचं असतं. ते गाळणीला दिसतच नाही.

तुरटी पाण्यात का चालते? पुराच्या पाण्यातल्या मातीच्या अतिबारीक कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलत राहतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी पाण्यात विरघळून तो भार मोडते, कण एकत्र येतात, जड होतात, बसतात. खेड्यांत मडक्याच्या आतून निवळीचं बी घासत, तेही कण गोळा करण्यासाठीच. ‘पाणी निवळलं’ म्हणताना आपण त्या झाडाच्या शेजारचाच शब्द वापरतो. पण तुरटी अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही. आणि विरघळली असती तरी विरघळलेल्या रेझिनचं तिने काय केलं असतं? साखरेच्या पाण्यात तुरटी फिरवून कुणी साखर काढलेली ऐकिवात नाही.

तेव्हा युक्ती एकच उरते: साखरेची आधी पावडर करायची. विरघळलेलं रेझिन तरंगणाऱ्या कणांत बदलायचं आणि मगच गाळायचं. गच्चीवरचं ऊन नेमकं हे काम करत होतं.

उन्हातली आगगाडी

लहानपणी आपण आगगाडी खेळायचो. एक पोरगा इंजिन होतो, दुसऱ्याला पकडतो, तो तिसऱ्याला, आणि बघता बघता मैदानभर डबे लागतात. रेझिनमध्ये असंच घडतं. त्यात सुरुवात करून देणारं एक द्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं. जांभळा प्रकाश पडला की त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि दोन तुकडे मोकळे हात पसरून धावत सुटतात. ही इंजिनं. रेझिनचा जो रेणू भेटेल त्याला ते धरतात, तो पुढच्याला धरतो आणि साखळी वाढत जाते. रेझिनच्या बऱ्याच रेणूंना दोनतीन हात असतात, म्हणून एका गाडीला बाजूने दुसरी गाडी जोडली जाते आणि शेवटी जाळं होतं. जाळं अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. ते बाहेर पडतं, गोळा होतं, तळाला बसतं.

सूर्याच्या प्रकाशात ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा भाग भरपूर असतो आणि काच किंवा पारदर्शक प्लास्टिक त्याला अडवत नाही. म्हणून ऊन पुरतं, दिव्याची गरज नाही.

रंगद्रव्याचं काय? ते स्वतः घट्ट होत नाही, पण जाळ्यात सापडतं. गुऱ्हाळात रस उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचा चीक टाकतात. तो चिकट चीक रसातली बारीक घाण पकडून मळी होऊन वर येतो आणि गुळव्या ती काढून टाकतो. तसंच इथे, फक्त मळी वर येत नाही, खाली बसते. काळं रेझिन मात्र त्रास देतं. रंगच प्रकाश पिऊन टाकतो, त्यामुळे बरणीच्या बाहेरच्या कडेशीच काम होतं आणि मधला भाग अंधारात राहतो. रुंद, उथळ बरणी घ्यावी आणि दिवसातून दोनदा हलवावी.

आता तो ‘नाही’. टाकीतल्या रेझिनमध्ये पोरं दाटीवाटीने उभी असतात, इंजिनाला हात पुढे केला की कुणीतरी सापडतंच. आयपीएत तीच पोरं जणू गोल्फ क्लबच्या अख्ख्या मैदानावर विखुरलेली. इंजिन धावत राहतं, कुणी भेटत नाही. त्यात एक खोडकर पोरगा मध्ये येतो: ऑक्सिजन. तो इंजिनाचा हात धरतो आणि स्वतःचा दुसरा हात कुणाला देत नाही. गाडी तिथेच थांबते. ऑक्सिजन पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये कितीतरी जास्त विरघळतो, त्यामुळे खोडकर पोरांची तिथे वाण नाही. परिणाम असा की सुरुवातीला भरभर साका पडतो, मग रेझिन विरळ होत जातं तसा वेग मंदावतो आणि शेवटचा हिस्सा घट्ट होतच नाही. दोनतीन डब्यांच्या आखूड गाड्या, तुटलेल्या इंजिनांचे तुकडे, रेझिन लवचिक राहावं म्हणून घातलेली द्रव्यं, हे सगळं नितळ दिसणाऱ्या द्रवात विरघळलेलंच राहतं. माझ्या बरणीतला पिवळसर रंग त्याचाच.

म्हणून असं निवळलेलं आयपीए पहिल्या धुण्याला उत्तम, शेवटच्या धुण्याला नाही. आणि हाताला लावायला तर मुळीच नाही. २०२० च्या साथीत आपण सगळ्यांनी सॅनिटायझर वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी एकात ७५ टक्के आयपीएच होतं. त्यामुळे ‘आहेच अल्कोहोल, हात पुसू’ असं वाटतं. पण अर्धवट रेझिनमुळे कातडीला अशी ॲलर्जी येऊ शकते की पुढे दातातलं सिमेंटसुद्धा सोसत नाही. सुरुवात करून देणाऱ्या द्रव्यांपैकी टीपीओ नावाचं एक द्रव्य नखांच्या जेलमध्येही असायचं. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी केली आहे. निळे नायट्राइल हातमोजे घालूनच हे सगळं करायचं.

दूध तोलतात तसं आयपीए तोला

आयपीए किती मळलंय हे डोळ्यांनी कळत नाही. पारदर्शक रेझिन असेल तर पार भरलेलं आयपीएही नितळ दिसतं, आणि चिमूटभर काळ्या रंगाने जवळजवळ नवं आयपीए शाईसारखं दिसतं. डेअरीवाला दुधात लॅक्टोमीटर सोडतो, द्राक्षबागाईतदार रसाची गोडी मोजतो, तशी इथेही मोजणी हवी. घरी साधा वजनकाटा पुरतो.

२० अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध आयपीएचं वजन सुमारे ७८५ ग्रॅम भरतं. रेझिन त्याहून बरंच जड, लिटरला साधारण ११०० ग्रॅम. वजनाने १० टक्के रेझिन मिसळलं की लिटरभर द्रव ८०८ ग्रॅमच्या आसपास जातो. धुण्याचं आयपीए याच सुमाराला बदलावं असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापुढे प्रिंट वाळल्यावरही बुळबुळीत राहतो. फरक जेमतेम २३ ग्रॅमचा, पण भाजीवाल्याचा नाही तरी सराफाचा काटा तो सहज दाखवेल.

फक्त एक गोम आहे आणि तिने मला एकदा चांगलंच फसवलं. आयपीए उष्णतेने फुगतं. दर अंशाला लिटरमागे जवळपास ०.८५ ग्रॅम वजन कमी भरतं. जानेवारीतल्या सकाळी १५ अंशांना आणि एप्रिलमधल्या दुपारी ४० अंशांना तोललं तर नुसत्या हवामानाने २१ ग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे तुमचं पूर्ण मळलेलं आयपीए एप्रिलच्या दुपारी नव्यासारखं भरेल. तोलायचं तर दरवेळी एकाच तापमानाला, आणि शेजारी नव्या आयपीएची तेवढीच बाटली तोलून.

आयपीए वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय मात्र निवळणं नाही, दोन डबे हा आहे. तांदूळ आपण एका मोठ्या पातेल्यात एकदाच धूत नाही, थोड्या थोड्या पाण्याने दोनतीनदा धुतो. समजा पहिल्या डब्यातल्या आयपीएत आधीच १० टक्के रेझिन आहे. प्रिंट बाहेर काढताना त्याला १० ग्रॅम द्रव चिकटला तर त्याबरोबर १ ग्रॅम रेझिन आलं. तो प्रिंट आता अर्धा लिटर स्वच्छ आयपीएत बुडवला. बाहेर काढताना पुन्हा १० ग्रॅम द्रव चिकटला, पण त्यात रेझिन उरलं सुमारे २५ मिलिग्रॅम. पहिला डबा मळका असूनही प्रिंट स्वच्छ. पहिला डबा अगदीच भरला की तो उन्हात ठेवायचा, दुसऱ्याला पहिला करायचा आणि नवं आयपीए फक्त दुसऱ्यात घालायचं. त्याआधी प्रिंट टाकीवर तिरका टांगून पाच मिनिटं निथळू दिला तर महागडं रेझिन टाकीतच परत पडतं. घाईत आपण हेच करत नाही.

गुलशनाबादची जुनी युक्ती

विरघळलेलं ओझं पूर्ण उतरवायचं तर द्रवालाच उडवून बाजूला न्यावं लागतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब ओघळतात. ते पाणी शुद्ध असतं, भातातलं मीठ त्यात नसतं. मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. गुलाबदाणीतून अंगावर शिंपडलं जाणारं गुलाबपाणीही असंच वाफेतून धरलेलं. शाळेत या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. खरं तर जुन्या रसशास्त्रात पाऱ्याची वाफ सरळ वर धरली की ऊर्ध्वपातन आणि तिरक्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवली की तिर्यक्पातन, असा भेद होता. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात तिर्यक्पातन यंत्राचं वर्णन आहे. आपलं काम त्या दुसऱ्याच्या जवळचं, पण पाठ्यपुस्तकाने पहिला शब्द रुळवला, तो रुळला.

आयपीए ८२ अंशांच्या थोडं पुढे उकळतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर असल्याने इथे दोनेक अंश आधीच. रेझिन मात्र एवढ्या उष्णतेला जागचं हलत नाही. म्हणजे वेगळं करणं तत्त्वतः फार सोपं. द्रावकं वापरणारे मोठे कारखाने हे रोज टनावारी करतात.

घरी मात्र करू नका. ‘काळजी घेऊन करा’ असंही मी म्हणणार नाही.

पहिलं कारण आग. आयपीएवर पेट घेण्याइतकी वाफ १२ अंशांनाच जमते. निफाडमध्ये कडाक्याच्या थंडीत पहाटे पारा त्याखाली जातो. उरलेलं वर्षभर आपल्या जिल्ह्यात उघडं आयपीए ठिणगीची वाटच पाहत असतं. हवेत त्याची वाफ २ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असली की भडका उडतो. ती हवेच्या दुप्पट जड असते, त्यामुळे गळलेल्या स्वयंपाकाच्या गॅससारखी जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीतल्या देवाजवळच्या समईपर्यंत जाते.

दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. भांड्यातलं आयपीए उडत जातं तसं तळाशी रेझिन दाट होतं, म्हणजे विखुरलेली पोरं पुन्हा दाटीने उभी राहतात. उकळण्याने ऑक्सिजन निघून जातो. उन्हात तो खोडकर होता, इथे मात्र तोच राखणदार असतो: रेझिन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यात घातलेलं द्रव्य ऑक्सिजन असेल तरच काम करतं. दाटी झाली, राखणदार गेला, वरून उष्णता. आगगाडी प्रकाशाशिवाय सुटते, जोडणीतून स्वतःची उष्णता सोडते, त्या उष्णतेने आणखी वेगाने धावते, आणि बंद भांड्यात ती आवरत नाही.

ज्यांच्याकडे ठिणगीरहित, तापमान बांधून दिलेलं आणि हवा उपसून कमी उष्णतेवर चालणारं यंत्र आहे त्यांनीही आयपीए आधी उन्हात निवळून, गाळून, मगच त्यात घालावं. तळाशी जेवढं रेझिन कमी, तेवढा धोका कमी. आणि गच्चीवर तांब्याची नळी वेटोळी करून काहीतरी उकळताना शेजाऱ्यांनी पाहिलं, तर हे हातभट्टीचं नाही हे पटवता पटवता दमछाक होईल ती वेगळीच. आयपीए पिण्याचं नाही; पोटात गेलं तर ते विष आहे आणि शरीर त्याचं ॲसिटोन करतं.

उडवूनही न सुटणारं पाणी

ऊर्ध्वपातनालाही एक गाठ सुटत नाही: पाणी. आयपीए हवेतली ओल ओढून घेतं आणि पावसाळ्यात उघडा डबा हळूहळू पाणावतो. पाणी १०० अंशांना उकळतं, आयपीए ८२ ला. वाटतं की सहज वेगळे होतील. पण वजनाने आयपीए सुमारे ८८ टक्के आणि पाणी १२ टक्के झालं की दोघं मिळून ८० अंशांना एकाच द्रवासारखे उकळतात, वाफेतही तेच प्रमाण. कितीही वेळा उकळा, त्यापुढे शुद्धी नाही. आकारमानाने हे ९१ टक्के भरतं.

जास्त पाणावलेल्या आयपीएसाठी मात्र स्वयंपाकघरातली एक गंमत आहे. त्यात साधं मीठ भरपूर घालून हलवा आणि ठेवून द्या. पाण्याला आयपीएपेक्षा मीठ जवळचं वाटतं. ते मिठाला धरून खाली बसतं आणि आयपीएचा थर वर सुटा होतो. वरचा थर पूर्ण कोरडा नसतो, थोडं मीठही त्यात राहतं, पण धुण्याच्या पहिल्या डब्याला तो चालतो. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे. फक्त तो नव्या, रेझिन न लागलेल्या आयपीएवर दाखवावा.

चौकट : गच्चीवर निवळताना

बरणी दोनतृतीयांशच भरा. पहिल्या उन्हाळ्यात मी काठोकाठ भरून झाकण आवळलं होतं. दुपारी बरणीचा तळ फुगून गोल झाला. २५ अंशांनी तापलं की लिटरमागे जवळपास २७ मिलिलिटर द्रव वाढतो, शिवाय २० वरून ४५ अंशांना गेलं की वाफेचा दाब चौपट होतो.

सकाळचं कोवळं ऊन पुरे. बरणी उघडायची ती सावलीत, थंड झाल्यावर, जवळ समई, शेगडी, बिडी काही नसताना.

साका बसल्यावर वरचं हळूच ओतून घ्या, मग गाळा. ढवळून गाळलं तर गाळणी मिनिटात बुजते.

बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहा: काय आहे, तारीख, ‘पिण्याचे नाही’. पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही नको.

गाळ कुणाचा?

निवळण्याच्या शेवटी हातात साका राहतो, फडकी राहतात, हातमोजे राहतात. घाण नाहीशी होत नाही, ती फक्त कमी जागेत येते. साका पसरट ताटलीत उघड्यावर ठेवून त्यातलं आयपीए उडू द्यायचं आणि पुन्हा एकदोन दिवस ऊन दाखवायचं. खडखडीत, बिनवासाचा झाला की ते साधं कडक प्लास्टिक असतं आणि घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात जाऊ शकतं. ओला, चिकट साका मात्र द्यायचा नाही. तो उचकणारा माणूस उघड्या हातांनी उचकतो.

मोरीत ओतणं हा तर प्रश्नच नको. ओलं रेझिन जलचरांना घातक असतं. शहराचं सांडपाणी तपोवन, आगरटाकळीसारख्या शुद्धीकरण केंद्रांत जातं आणि तिथलं काम सूक्ष्म जिवाणू करतात. त्यांना मलमूत्र पचवायचा सराव आहे, रेझिनचा नाही. ‘पाण्याने धुता येणारं’ म्हणून एक रेझिन मिळतं, त्याने तर लोक आणखी फसतात. आयपीए लागत नाही हे खरं, पण धुतलेलं पाणी तितकंच विषारी आणि ते थेट मोरीकडे वाहायला मोकळं. आयपीए निदान उडवून परत मिळतं. पाण्यातलं रेझिन काढणं जास्त कटकटीचं. माझं मत विचाराल तर घरगुती वापरालाही आयपीएच बरं.

धंदा करणाऱ्यांना यात निवड नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेली द्रावकं आणि ऊर्ध्वपातनाचा तळगाळ या दोन्हींची नावं आहेत. असा कचरा परवानाधारकालाच द्यावा लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे, आणि राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत. अडचण अशी की महिन्याला पाचदहा लिटर आयपीए मळवणाऱ्या एकट्या दुकानासाठी कोण गाडी पाठवणार? म्हणून ते कॅन मागच्या खोलीत साठत जातं आणि एके दिवशी गुपचूप रिकामं होतं.

सराफ बाजारातल्या ओतकाम करणाऱ्यांनी आणि शहरातल्या दातांच्या प्रयोगशाळांनी आपापलं मळकं आयपीए गच्चीवर निवळून एका पिंपात गोळा केलं, तर दोनशे लिटरचं पिंप भरायला फार दिवस लागणार नाहीत. आणि भरलेलं पिंप न्यायला द्रावकं शुद्ध करणारा परवानाधारक कारखाना गाडी पाठवेल, कारण त्याच्या दृष्टीने तो कच्चा माल आहे. कुणीतरी दहाबारा जणांना फोन करून एवढी सुरुवात करावी. माझ्याकडचे चार लिटर निवळून, गाळून, वर तारीख घालून तयार आहेत.